चार बोटांवरची एफएनएसी

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेची रांग संपून जिना वळतो तिथे, गाठी तपासायची एक छोटी खोली आहे. दारावर चार इंग्रजी अक्षरं रंगवलेली आहेत: एफ, एन, ए, सी. रंगवणाऱ्याने खाली त्यांचा अर्थ लिहायचे कष्ट घेतले नाहीत, आणि बरंच झालं म्हणायचं. त्यामुळे स्लाइडबुवांना तीस वर्षं बोलायला विषय मिळाला.

स्लाइडबुवा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते त्या खोलीतले टेक्निशियन. डॉक्टरीणबाईंनी गाठीत सुई घालून थेंबभर ऐवज काढला की तो काचेच्या पट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, पसरायचा, ती काच लगेच अल्कोहोलच्या बरणीत बुडवायची, मग रंगवून मायक्रोस्कोपपाशी नेऊन ठेवायची, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण काच ओढताना जोर जास्त झाला तर पेशी चिरडतात, आणि कमी झाला तर एकीवर एक चढून बसतात आणि डॉक्टरीणबाईंना नुसता गोंधळ दिसतो. बुवांच्या हाताला तो जोर बरोबर ठाऊक होता. "तीस वर्षांत माझी एक काच वाया गेली नाही," असं ते चहाच्या वेळी हटकून सांगत, आणि ऐकणारे हटकून घड्याळाकडे बघत.

उजव्या कानावर कायम एक पेन्सिल. तिच्यावाचून बुवा म्हणजे अर्धे बुवा. काचेच्या एका टोकाला खरखरीत पट्टी असते, तिच्यावर पेशंटचं नाव पेन्सिलीनेच लिहायचं. पेनने लिहिलं तर अल्कोहोलमध्ये शाई विरघळून जाते आणि नावाचा मागमूस राहत नाही. खोलीत नवा माणूस आला की बुवा त्याला पहिल्या दिवशी हेच सांगत, दुसऱ्या दिवशीही हेच सांगत, आणि तिसऱ्या दिवशी तो माणूस बदली मागत असे.

पण बुवांचा खरा हातखंडा बाहेरच्या बाकावर दिसायचा. तिथे चिठ्ठी घेऊन बसलेल्या माणसाची त्या चार अक्षरांनी पाचावर धारण बसलेली असते. बुवा शेजारी जाऊन टेकायचे आणि डावा पंजा उघडायचे. करंगळी धरायची: "फाइन. म्हणजे बारीक." शेजारचं बोट: "नीडल. म्हणजे सुई. इंजेक्शनला असते तिच्याहूनही बारीक." मधलं बोट: "ॲस्पिरेशन. शब्द मोठा आहे, काम एवढंसं. गाठीतलं थोडंसं ओढून घ्यायचं." आणि मग तर्जनी: "सायटॉलॉजी. ओढलेल्या पेशी नीट बघायच्या. झालं." या चौथ्या बोटाला समोरच्याचा अडकलेला श्वास सुटायचा, कारण त्या 'सी'चा अर्थ प्रत्येकाने घरूनच ठरवून आणलेला असतो. एखादा विचारायचा, "आणि अंगठा?" त्याची तर बुवा वाटच बघत असत. "अंगठा म्हणजे तुम्ही! चौघं तुमच्यासाठी राबतायत, तुम्ही नुसतं पडून राहायचं."

घरी बुवांची बायको शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला कापडाचे गठ्ठे, गळ्यात मापाची टेप. बोलायला दोघंही सारखेच, पण दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यावं लागल्यामुळे जेवताना ती बुवांना बोलू द्यायची. आणि बुवा काय सांगायचे? कुणाचं नाव कधी नाही, ते पथ्य त्यांनी पाळलं. पण गोष्टी ठरलेल्या. "आज एक बाई आल्या होत्या. अशा हसतखेळत, माझीच चेष्टा करत. आणि काच बघितली तर..." तेवढ्यावर थांबून ते मान हलवायचे, मग पुढचा घास घ्यायचे. बायकोचा घास हातातच राहायचा. तीस वर्षं हा कार्यक्रम चालला आणि त्यात काही बिघडतंय असं बुवांच्या गावीही नव्हतं.

त्या वर्षी बायकोने स्वतःसाठी उंच कॉलरचे ड्रेस शिवायला सुरुवात केली. एक झाला, दोन झाले, पाच झाले. "छान दिसतात तुला," बुवा म्हणाले. "नवीन फॅशन आहे," ती म्हणाली. दिवसाला दहा लोकांच्या मानेकडे बघणाऱ्या माणसाला घरातली मान चार महिने दिसली नाही. त्यांना आंधळे म्हणावं की प्रेमळ म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका रविवारी सकाळी उकाड्याने तिने कॉलरचं वरचं बटण सोडलं आणि चहाचा घोट घेतला. घोटाबरोबर गळ्याच्या उजव्या बाजूला काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. बुवांच्या हातात बिस्किट होतं, ते चहात पडलं. घोट घ्यायला सांगायचं आणि गाठ हलते का बघायचं, हे डॉक्टरीणबाई रोज करतात. थायरॉइडची गाठ घोटाबरोबर हलते. बुवांनी हे इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यांना दुसरा घोट बघायची गरजच नव्हती.

"कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

बायकोने बटण लावलं. "काय?"

"अगं, मला विचारतेस काय? तीस वर्षं हेच करतोय मी."

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

पुढचे दोन दिवस घरात मशीनचा आवाज तेवढा होता. बुवांनी डावा पंजा उघडला, करंगळी धरली. "फाइन म्हणजे..." एवढंच झालं, तोच ती म्हणाली, "बारीक. मला येतं ते. आपली पोरगी लहान असताना तिला झोपवताना म्हणायचात तुम्ही."

"मग भीती कसली? दिवसभर तुझ्या हातात सुई असते."

"सुईची भीती कोणाला आहे!" तिने कात्री खाली ठेवली. "तुम्ही तीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवताय. एक तरी गोष्ट अशी सांगितलीत का, की अमका आला, सुई घातली, आणि काही निघालं नाही? एक तरी? तुमच्या त्या खोलीत जो जातो त्याचं वाईटच निघतं. मला काय ठाऊक नाही?"

एखादी चांगली गोष्ट आठवावी म्हणून बुवांनी डोकं खाजवलं. आठवेना. ज्यांचं काही निघत नाही ती माणसं रिपोर्ट घेतात आणि जिना उतरून जातात. त्यांची गोष्ट होतच नाही. सांगणार काय? आपण बायकोला रोज थोडी थोडी भीती वाढली आणि तिने ती मुकाट्याने खाल्ली, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि खूप लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बुवा कपाटातली जुनी रजिस्टरं काढून बसले. डॉक्टरीणबाई दोनदा बघून गेल्या, तिसऱ्यांदा म्हणाल्या, "काय शोधताय बुवा?"

"बरे निघालेले."

"ते शोधायला कशाला लागतात? पानंच्या पानं आहेत." आणि खरंच होती. मानेच्या गाठींच्या नोंदींत एका पानावर वीस नावं असली, तर सतरा-अठरांपुढे साधी गाठ असल्याचाच शेरा. इतकी वर्षं ते शेरे बुवांच्याच डोळ्यांखालून गेले होते.

त्या संध्याकाळी जेवायला बसताच ते म्हणाले, "आज एक बसड्रायव्हर आला होता. एवढा धिप्पाड माणूस, सुई बघून डोळे गच्च मिटून घेतले. काय निघालं माहितीय? काही नाही. साधी चरबीची गाठ. जाताना मला मिठी मारून गेला, अजून बरगडी दुखतेय."

बायकोने घास घेतला. दुसऱ्या दिवशी एका गाण्याच्या बाई. तिसऱ्या दिवशी दोघी जावा, दोघींनाही तशाच साध्या गाठी, आणि आधी कोणी आत जायचं यावरून बाहेर बाचाबाची. बुवांना आता दिवसभर कान आणि डोळे उघडे ठेवावे लागत. रिपोर्ट घ्यायला आलेल्यांना ते जिन्यापर्यंत पोचवायला जात, चौकशा करत, काहीतरी मिळवत. आणि संध्याकाळी दारातून आत पाऊल टाकायच्या आत मशीनवरून आवाज यायचा, "आज कोण बरं निघालं?"

नवव्या दिवशी बुवांनी चपला काढल्या तरी तो प्रश्न आला नाही. तिने टेपची गुंडाळी केली आणि म्हणाली, "उद्या येते मी. तुमच्या मॅडमना सांगा. पण काच तुम्हीच ओढायची. दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही."

"दुसरा आहे कोण तिथे!" बुवा म्हणाले.

सकाळी बाकावर दोघंच पेशंट होते. एक बुवांची बायको आणि दुसरा एक पोस्टमन, कानाखाली लिंबाएवढी गाठ घेऊन आलेला. आधी तिला आत घेतलं. संमतीच्या कागदावर सही हवी, तर बुवा खिसे चाचपू लागले. डॉक्टरीणबाईंनी आपलं पेन पुढे केलं. बायकोने सही केली आणि पेन बुवांच्या हातात दिलं. मग ती टेबलावर आडवी झाली, खांद्यांखाली उशी, मान मागे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता बोलायचं नाही आणि गिळायचं नाही. अर्धं मिनिट."

बायको अर्धं मिनिट गप्प राहिली. बुवांना तो एक विक्रमच वाटला असता, पण त्या वेळी काही वाटून घेण्याच्या स्थितीत ते नव्हते. सुई आत गेली, पुढेमागे झाली, बाहेर आली. थेंब काचेवर पडला. बुवांनी हातासरशी नावं लिहिली, काचा ओढल्या, बरणीत सोडल्या. तीन काचा. लगोलग पोस्टमन आत आला, त्याच्याही तीन, त्याच बरणीत. बरणीत दोघांच्या काचा एकत्र असल्या तरी बिघडत नाही, नावं असतातच.

"दुखलं?" बाहेर येऊन त्यांनी बायकोला विचारलं.

"मुंगी चावल्यासारखं. माझी मशीनची सुई दोनदा बोटातून आरपार गेलीय, तिच्यापुढे हे काहीच नाही." ती घरी गेली, जाताना हसत होती.

तासाभराने बुवांनी रंगवण्यासाठी काचा बाहेर काढल्या. पहिली काढली. खरखरीत पट्टी कोरी. दुसरी कोरी. सहाच्या सहा कोऱ्या. बरणीतल्या अल्कोहोलला मात्र निळसर झाक आली होती. बुवांनी कानावर हात नेला. पेन्सिल तिथेच होती, सकाळपासून कुणी हात न लावलेली. डॉक्टरीणबाईंचं पेन बुवांच्याच ॲप्रनच्या खिशात होतं.

ते स्टुलावर बसले. खोलीत कोणी नव्हतं. त्यांनी काचा उजेडात धरल्या. ओढ आपल्याच हाताची, पण तीन काचांवर थर किंचित वाकडा गेलेला. हात थरथरत होता तो बायकोच्या वेळी. म्हणजे या तीन तिच्या. नक्की तिच्या. जवळजवळ नक्की. पेन्सिल कानावरून कधी हातात आली ते त्यांना कळलं नाही. तीन नावं इकडे, तीन तिकडे, दहा सेकंदांचं काम. तिला पुन्हा टेबलावर झोपायला नको. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, काच तुम्हीच ओढायची असं तिने सांगितलं होतं. आता तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण ते 'जवळजवळ' त्यांना हलू देईना. पोस्टमनच्या वेळीही हात थरथरतच होता की काय? उद्या तिचा रिपोर्ट चांगला आला आणि खरं म्हणजे तो पोस्टमनचा असला तर? आपण तिला बरी निघालेली म्हणून गोष्ट सांगू, आणि ती खोटी असेल. बुवांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि सहा काचा ट्रेमध्ये घेऊन डॉक्टरीणबाईंपुढे उभे राहिले.

"मॅडम, नावं पेनने लिहिली."

डॉक्टरीणबाईंनी ट्रेकडे बघितलं, मग बुवांकडे. "तुम्ही?"

"मी."

त्यांनी कपाळावर हात मारला. मग मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. "मी या बघणारसुद्धा नाही. बिननावाची काच कोणाचीच नसते. दोघांना परत बोलवा. आणि इथून पुढे एका बरणीत एकच पेशंट." मग हळूच म्हणाल्या, "घरी सांगायला मी येऊ का?"

"नको. माझं मीच सांगतो."

पोस्टमनला फोन केला, तर तो खो खो हसत सुटला. "अहो, पत्त्याशिवाय पाकीट आलं की आम्हीही परत पाठवतो. उद्या येतो की!" बुवांना त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

घरी मात्र ते दुपारीच पोचले आणि दारात उभेच राहिले. बायकोने मशीन थांबवलं. त्यांचा चेहरा बघून तिचा हात आपोआप कॉलरकडे गेला. "वाईट आहे?"

"नाही, नाही! अगं, अजून बघितलंच नाही." आणि त्यांनी सगळं सांगितलं. सही, पेन, बरणी, कोऱ्या काचा. पेन्सिल हातात घेतली होती, तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण एकदा सांगायला बसले की बुवांना थांबता येत नाही.

बायकोने मशीनखालची बाही काढून त्यांच्यासमोर धरली. "ही बघा. उजवी बाही डावीकडे लावली. सकाळी तुमच्याकडून आल्यावर. तीस वर्षांत पहिल्यांदा. मग मी काय करणार? उसवणार आणि परत शिवणार."

"म्हणजे येशील?"

"येईन. पण तुमच्या त्या 'एक काच वाया गेली नाही'चं आता काय करायचं?"

"ते आजपासून बंद," बुवा म्हणाले.

"देव पावला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बुवा बरण्या मांडून, पेन्सिलीला टोक करून बाहेर आले, तर बाकावर पोस्टमन आणि शिंपीणबाई शेजारी शेजारी बसलेले. फोनवर हसणारा पोस्टमन आता काही हसत नव्हता. काल घाईघाईत सुई गेली, रात्री मात्र विचार करायला सवड मिळाली होती. त्याने दाराकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "तो शेवटचा सी कशाचा हो?" बुवांनी पंजा उघडायला घेतला, तोवर बायकोचा पंजा उघडलेला होता. "इकडे बघा. करंगळी. फाइन, म्हणजे बारीक..." ती शेवटच्या बोटापर्यंत पोचली, पोस्टमनचे खांदे खाली आले, आणि अंगठ्याशी आल्यावर तिने नवऱ्याकडे बघून डोळा मारला. बुवांनी त्या वेळी घाईघाईने आत जाऊन नाक शिंकरलं. सर्दी झाली होती असं ते आजही सांगतात.

नावं पेन्सिलीने लिहिली. डॉक्टरीणबाईंनी वाचून घेतली, मग बुवांनी वाचली, मग बायकोने मान उचलून स्वतः वाचली. दोन बरण्या. काचा सरळ ओढल्या.

रिपोर्ट दोन दिवसांनी आला. पोस्टमनच्या गाठीत लाळेच्या ग्रंथीची साधी सूज निघाली, औषधाने जाण्यासारखी. दुसरा रिपोर्ट डॉक्टरीणबाईंनी पाकिटात न घालता तसाच बुवांच्या हातात ठेवला आणि पाठ फिरवून खिडकीबाहेर काहीतरी बघत राहिल्या.

त्या संध्याकाळी बुवांनी दार उघडलं. मशीन चालू होतं. ती पाठमोरी होती, आणि अंगात कॉलरचा ड्रेस नव्हता, जुना, मोकळ्या गळ्याचा होता. रिपोर्ट काहीही असो, आता झाकायचं नाही असं तिने दुपारीच ठरवलं असावं. मशीन थांबलं. तिने मागे वळून बघितलं नाही.

"आज कोण बरं निघालं?"

बुवांनी चपला काढल्या, कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"एक शिंपीणबाई होत्या," ते म्हणाले. "साधी गाठ. सहा महिन्यांनी नुसतं दाखवून जायचं."

तिने नाक ओढलं, डोळे टेपच्या टोकाने पुसले आणि अजून पाठमोरीच विचारलं, "फार घाबरल्या होत्या का हो त्या?"

"त्या नाही," बुवा म्हणाले. "त्यांचा नवरा."